दोरी ओढणारी

ओशिगेला बघायला आलेल्या सासूनं तिचं तोंड बघितलंच नाही. दंड चाचपले न् म्हणाली, "ओढंल ही."

जपानातल्या आइझूच्या डोंगरात राहणाऱ्या कातारी लोकांत सून अशीच निवडत. लाकडी वाडगे कातायच्या चाकाच्या आसाला दोरीचे वेढे घालायचे, बायकोनं समोर बसून एकदा हे टोक ओढायचं, एकदा ते. आस एकदा इकडं फिरतो, एकदा तिकडं. नवऱ्याची छिन्नी पुढच्या फेऱ्याला लाकूड खाते, परतीच्या फेऱ्याला उचलायची. ओशिगेनं पोर पाठीला बांधून ओढलं, ते पोर गेल्यावर रिकाम्या पाठीनं ओढलं. तळहातावरच्या रेघा झिजून गेल्या. वाडग्याच्या बुडाला शिक्का मात्र नवऱ्याचा, गेनपाचीचा.

एका वसंतात गेनपाची खालच्या गरम झऱ्याच्या गावाहून पायानं फिरवायचं चाक घेऊन आला. एकट्या माणसाचं काम.

"सुटलीस बघ," तो म्हणाला. "आता बस शेकत."

"आन् माझी जागा?"

"जागा कसली? तिथं लाकडं रचायची."

तिनं लाकडं रचली. पण पायाचं चाक एकाच अंगानं फिरतं. छिन्नी टेकवूनच ठेवायची. गेनपाचीचा हात जुन्या सवयीनं उचलायचा, पुन्हा टेकायचा. वाडग्यात वळ उठायचे. लाख चढवणाऱ्यानं आख्खी खेप परत धाडली. लाखेखाली वळ लपत नाहीत, उलट चमकतात.

"तुझ्यापायी झालं हे!" गेनपाची ओरडला. "आयुष्यभर वढून वढून माझा हात नासवलास. दारात उभी ऱ्हाऊ नगंस. तुझा श्वास ऐकू आला का हात उचलतोय."

ओशिगे दारातून हलली. पाऊस होता तरी वळचणीला जाऊन बसली.

बर्फ पडायच्या तोंडाला तोच बाहेर आला. "दोरी काढ. हा हंगाम जुन्याच चाकावर निभावू."

"सरपणाला बांधली."

"सोड की मग."

"तुकडं केल्यात. एकच मोळी असती का?"

त्यानं जीभ चावली. "बरं, नवी वळ."

"वळती की," ओशिगे म्हणाली. "पर वढायला दुसरी आणा. आणताना दंड बघा. तोंड न्हाई बघितलं तरी चालतंय."

गेनपाची आत गेला. पायाचं चाक फिरू लागलं. मधेच छिन्नी उचलल्याचा आवाज, पुन्हा टेकल्याचा.

त्या हिवाळ्यात वळ उठलेले वाडगे ओशिगेनं एकेक करून चुलीत घातले. तोचीच्या झाडाचं लाकूड, वाळलेलं. छान जळायचं.