गिळेपर्यंत उभं राहायचं

आमच्या मिशन दवाखान्याच्या मेट्रन बाई विलायतेच्या. निजामाच्या राज्यात त्या आदिलाबादकडे आल्या तेव्हा इकडे नर्स म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं. बैलगाडीतून गावोगाव फिरून त्यांनी शिकवायला मुली मागितल्या. गोरी बाई पोरी पळवायला आली, असं लोक म्हणायचे. मी त्यांच्या वर्गात गेले तोवर जिल्हा आंध्रात गेला होता आणि बाई साठीला टेकल्या होत्या. आमच्या वर्गाला सरकारची मान्यता मिळावी म्हणून त्या हैदराबादला पत्रांवर पत्रं पाठवत. उत्तर येत नसे.

मराठी त्या बाळंतिणींकडून आणि झाडूवालीकडून शिकल्या होत्या. त्यामुळे डॉक्टर असो की तहसीलदार, सगळे ‘तू’. ‘काऊन’, म्हणजे ‘का’, हा त्यांचा लाडका शब्द. चादरीला सुरकुती काऊन, नखं वाढली काऊन. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो.

एका गोष्टीला मात्र कोणी हसत नसे. गोळी आपल्या हातानं द्यायची, पेशंट गिळेपर्यंत उभं राहायचं, जीभ वर करायला लावून बघायचं आणि मगच कागदावर सही. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी भीमपूरकडची मुलगी एकदा थर्मामीटर न लावताच ताप लिहून मोकळी झाली. बाईंनी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं. ती पायांवर पडली, मीही रदबदली केली, पण बाई बधल्या नाहीत. तिची पत्र्याची पेटी मीच मोटारस्टँडपर्यंत नेली.

मी बेल्याकडची. आईबाप दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. बाप नुकताच बौद्ध झाला होता आणि पोरगी नर्स होणार म्हणून ताठ मानेनं चालायला लागला होता. आमच्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली मी पहिलीच.

परीक्षेला महिना उरला असताना जैनथकडची एक बाळंतीण आली. पहिलटकरीण, अंगात सणकून ताप. पहिले दोन दिवस इंजेक्शनं झाली, मग चार चार तासांनी गोळ्या. दिवसाची ड्यूटी माझी. मी गोळी आणि पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी नेला, तेव्हा तिच्या सासूनं विचारलं, कोणत्या गावची. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, गावात कोणत्या बाजूला घर. तेही सांगितलं. सुनेनं तोंड मिटून घेतलं. गंमत अशी की दोन दिवस माझ्याच हातची सुई घेताना कोणी गाव विचारलं नव्हतं. सुई चालते, पाणी चालत नाही.

सासू भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “बाई, तुमी तितं स्टुलावर ठेवा. मी देतो तिले.”

मी बाईंना सांगायला हवं होतं. पण सांगितलं की काय होतं ते मी आधी पाहिलं होतं. माझ्या हातचं पाणी नको म्हणणाऱ्या एका म्हातारीला बाईंनी बजावलं होतं, हिच्या हातानं घे नाहीतर घरी जा. लोकांनी खाटेसकट म्हातारीला उचललं आणि गाडीत घालून नेलं. ही पोर गाडीत मेली असती. शिवाय खरं सांगते, मला लाज वाटत होती. सगळ्या वॉर्डासमोर पुन्हा तो तमाशा मला नको होता. मी गोळी स्टुलावर ठेवली, पुढच्या खाटेकडे गेले आणि सही केली. तीन दिवस हेच चाललं. रात्रीच्या नर्सच्या हातचं त्यांना चालत होतं, म्हणून रात्रीच्या गोळ्या पोटात जात होत्या. अर्ध्या गोळ्यांनी ताप अर्धा उतरत नसतो.

चौथ्या दिवशी सकाळी सून गेली. सासूनं ऊर बडवून घेतलं आणि तिच्या पदराची गाठ सुटली. पांढऱ्या गोळ्या फरशीवर घरंगळत गेल्या, एक तर पार बाईंच्या बुटापर्यंत. आमच्या हातची वस्तू सुनेच्या पोटात घालवत नव्हती, आणि गोऱ्या बाईला नाही म्हणायची छातीही नव्हती. म्हणून सासूनं त्या बांधून ठेवल्या होत्या.

बाई गुडघे टेकून खाली बसल्या. एकेक गोळी वेचली, मोजली. नऊ. खाटेला अडकवलेला कागद काढला आणि माझ्या सह्या मोजल्या. त्याही नऊच.

“काऊन?” त्यांनी विचारलं.

त्या दिवशी त्या शब्दाला मी हसले नाही. सगळं सांगून टाकलं. मी मनातल्या मनात माझी पेटी भरत होते.

मग त्यांनी तो कागद घडी घालून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. “तुले काढलं तर तुया वस्तीतून दुसरी कोन येईल?” एवढंच म्हणाल्या.

मी वाचले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मोटारस्टँडपर्यंत नेलेली ती पत्र्याची पेटी आठवली. त्या दिवसानंतर बाईंनी कोणाची चादर तपासली नाही की नखं बघितली नाहीत. त्या फेरीला यायच्या, पण खाटेशी थांबायच्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. त्यांना मराठी लिहिता येत नसे, म्हणून पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. भीमपूरच्या त्या मुलीला. माझी चूक झाली, परत ये. त्यांनी ‘माझी चूक’ म्हटलं आणि ते मी माझ्या हातानं लिहिलं. तिच्या बापाचं उत्तर आलं, पोरीचं लगन उरकलं. मी ते वाचून दाखवलं. बाईंनी तेही कपाटात टाकलं.

मला सर्टिफिकेट मिळालं. वस्तीनं डफडं वाजवून मला घरी नेलं. वर्षभरात बाई विलायतेला परत गेल्या. मान्यता आलीच नाही, वर्ग बंद पडला. आमच्या वस्तीतून दुसरी कोणी आली नाही. ज्या एका कारणासाठी बाईंनी आपला जन्मभराचा नियम मोडला, तेच वाया गेलं.

नर्सांचा तुटवडा होता, म्हणून मिशनच्या सर्टिफिकेटवरही मी सरकारी दवाखान्यात लागले. गोळी हातानं द्यायची, उभं राहायचं, जीभ बघायची. बरोबरीच्या नर्सा हसायच्या. म्हणायच्या, मेट्रनचं भूत चढलं हिच्या अंगात. एकटीच्या उभं राहण्यानं वॉर्ड बदलत नाही. त्या गोळ्या स्टुलावर ठेवतच राहिल्या.

बऱ्याच वर्षांनी माझ्या वॉर्डात ती भीमपूरची आली. चौथं बाळंतपण, अंगात रक्त नाही, हातांना शेतकामाच्या भेगा. तिनं मला लगेच ओळखलं. म्हणाली, “तुयं बरं झालं, बाई. नशिबाची हायेस.” मी गोळी तिच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. मी काही म्हणायच्या आधीच तिनं तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.

“गिळली. आता कर सई,” ती म्हणाली.

कपाटातल्या त्या नऊ सह्यांच्या कागदाचं तिला सांगावं असं ओठांपर्यंत आलं. मी सही केली आणि पुढच्या खाटेकडे गेले.