उद्यासाहेबांची खिडकी

उद्यासाहेबांनी आयुष्यभर एकच काम केलं आणि ते मन लावून केलं: माणसं परत पाठवली. परवाना कचेरीच्या खिडकीमागे ते बसत. कुणाला जास्त माल काढायचाय, कुणाला नवं यंत्र आणायचंय, कुणाला काळ्याऐवजी लाल छत्र्या बनवायच्यात, सगळ्यांना आधी त्या खिडकीशी यावं लागे. साहेब चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "उद्या या." म्हणून तर हे नाव पडलं. लाच म्हणाल तर छे! एका पैशाला शिवले नाहीत. लोक उलट हळहळायचे, की खात असते तर बरं होतं, काम तरी झालं असतं.

सख्ख्या बहिणीलाही त्यांनी सोडलं नाही. दोघं एकाच घरात, वर साहेब आणि खाली तळमजल्यावर बहिणीचा सायकलच्या घंट्यांचा कारखाना. कारखाना कसला, पितळेच्या पत्र्याला वाटीचा आकार देणारं एक यंत्र, एक पॉलिशचं यंत्र आणि गल्लीकडे उघडणारी मोठी खिडकी. वाट्यांच्या दुसऱ्या यंत्रासाठी तिनं अर्ज केला, तो भावाच्याच टेबलावर येऊन पडला. साहेबांपुढे पेच. बहिणीचं काम आधी केलं तर लोक काय म्हणतील? म्हणून नवा अर्ज कुणाचाही आला, की ते बहिणीचा काढून तळाशी घालत.

रात्री जेवायला बसलं की ती विचारायची, "दादा, माझ्या यंत्राचं काय झालं?"

"छकुले, कचेरीच्या वेळात ये."

"बरं. भाजी आता वाढू, की उद्या येतोस?"

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. केस पांढरे झाले तरी ती छकुलीच राहिली आणि यंत्रही एकाचं दोन झालं नाही.

मग एके वर्षी सरकारात वरच्या कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. परवाने उठले. ज्याला जे बनवायचं ते बनवा, ज्याला विकायचं त्याला विका. साहेबांच्या खिडकीला फळी ठोकली आणि साहेबांना हार घालून घरी पाठवलं. जिन्यावर उभं राहून त्यांनी भाकीत केलं, "आता बघा. अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर जो तो घंट्याच बनवत सुटेल. गोंधळ माजेल गोंधळ!"

गोंधळ माजला खरा. तिघाचौघांनी घंट्या काढल्या. एकाच्या वाजेनात, त्यानं दुकान गुंडाळून सायकलचे दिवे काढले आणि ते झकास चालले. बाकीच्यांत चढाओढ लागली, तशा घंट्या स्वस्त झाल्या आणि आवाज सुधारला. आधी वाजवली की भांडं पडल्यासारखं वाटायचं, आता माणूस खुशीनं बाजूला सरकू लागला.

बहिणीला मात्र या चढाओढीत टिकायला चांगलं यंत्र हवं होतं, आणि त्यासाठी पैसा. तिनं सरळ शेअर बाजाराची वाट धरली. बाजारात छोट्या कंपन्यांसाठी वेगळा विभाग निघाला होता, तिथे तिनं आपल्या कारखान्याचे शेअर विकायला काढले. गल्लीनं ते हातोहात घेतले. सलूनवाल्यानं घेतले, इस्त्रीवालीनं घेतले. गल्लीत इतका पैसा होता हे गल्लीलाच माहीत नव्हतं. उशीत, डब्यात, जुन्या बुटात झोपा काढत होता बापडा, तो उठून कामाला लागला. देश श्रीमंत होतो म्हणजे काय, हे मोठी माणसं मोठे आकडे घालून सांगतात. गल्लीत ते एवढंच दिसलं: सलूनवाल्याचा बूट रिकामा झाला आणि तळमजल्यावर नवं यंत्र धडधडायला लागलं.

कारखान्याच्या खोलीवर भावाचाही निम्मा हक्क होता. त्या बदल्यात बहिणीनं साहेबांच्या नावावर काही शेअर केले. साहेब न मागता, न अर्ज करता मालक झाले. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

इथे गल्लीनं आपली अक्कल चालवली. आपण मालक झालो हे सगळ्यांना कळलं, पण नेमके कशाचे? शेअर म्हणजे सगळ्या धंद्यातला हिस्सा, हे बहिणीनं घसा बसेपर्यंत सांगितलं.

"ते कळलं हो मावशी," सलूनवाला म्हणाला, "पण माझं त्यातलं कोणतं?"

शेवटी ज्यानं त्यानं आपापलं निवडून टाकलं. सलूनवाल्यानं पॉलिशचं यंत्र घेतलं, इस्त्रीवालीनं दार. दर सुट्टीच्या दिवशी मालकमंडळी फडकी घेऊन येत आणि आपापलं पुसून, तेल घालून जात. दाराची कडी अशी लखलखायची, की इस्त्रीवाली तिच्यात बघून टिकली नीट करायची. "अडाणी कुठले!" साहेब म्हणाले, आणि कुणाचं लक्ष नाही बघून कारखान्याच्या खिडकीवर हात ठेवून आले. खिडकी त्यांची. तिच्या बिजागऱ्यांना ते रोज तेल घालू लागले.

कारखाना वाढला, शेअरचा भाव चढला, आणि एक दिवस टायवाला आला. सायकली बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस. त्याला सगळ्यांचे शेअर हवे होते, चालू भावाच्या दुप्पट दरानं. त्याचा हिशेब सरळ होता: निम्म्याहून जास्त शेअर ज्याच्या हाती, कारखान्यात शब्द त्याचा. बहिणीनं यंत्रासाठी इतके विकले होते, की तिच्याकडे निम्मेही उरले नव्हते.

सलूनवाल्यानं पहिल्याच दिवशी विकले. मावशीसमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, दुसरी खुर्ची घ्यायची होती. फिरणारी."

"मग घे की! तुझे शेअर, तुझी खुर्ची. तोंड कशाला पाडतोस? चांगला भाव मिळाला ना?"

"दुप्पट!"

"बावळट, तिप्पट मागायचास."

इस्त्रीवाली मात्र अडून बसली. "दार विकू? आणि मग आत कुठून यायचं?" टायवाल्यानं डोकं धरलं. तरी इकडचे तिकडचे गोळा करत तो निम्म्याच्या दारात येऊन ठेपला. आता ठरायचे राहिले होते फक्त साहेबांचे शेअर. ते ज्या पारड्यात पडतील, कारखाना त्याचा.

टायवाला खिडकीशी आला. साहेब आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. बाहेर माणूस, आत साहेब, मध्ये गज. कितीतरी दिवसांनी जीव जागेवर आल्यासारखं वाटलं.

"उद्या या," साहेब म्हणाले.

"उद्या संध्याकाळी या दराची मुदत संपते, काका. उद्या नक्की येतो. पण परवा येणार नाही."

हे साहेबांना नवीन होतं. परवा न येणारा माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. ते तडक बहिणीकडे गेले.

"छकुले, विकू का?"

"तुझे आहेत."

"अगं, पण तू हो म्हण. नाहीतर नाही म्हण. काहीतरी म्हण!"

बहिणीच्या हातातली घंटी थांबली. कारखाना गेला तर उद्यापासून काय करायचं, हे तिलाही माहीत नव्हतं. तोंडाशी आलेलं 'नको विकूस' तिनं गिळलेलं साहेबांना स्पष्ट दिसलं. "दादा, पन्नाशी उलटेपर्यंत मी तुझ्या परवानगीची वाट बघितली. आता तू माझी बघू नकोस. मी देणार नाही."

साहेब जिन्यावर जाऊन बसले. पैसे चांगले होते. वरचं छत गळत होतं, गुडघे दुखत होते. विकलं तर कुणी बोट दाखवणार नव्हतं, सलूनवाल्याला कुठे दाखवलं? कोणता नियम लावावा? कुठलाच नव्हता. नियमाशिवाय माणसं ठरवतात तरी कशी, हे त्यांना इतक्या वयात पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं, आणि विचारायचं कुणाला तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी टायवाला आला.

"घेतल्यावर काय करणार या जागेचं?" साहेबांनी विचारलं.

टायवाला खोटं बोलणारा नव्हता. "बंद करू, काका. घंटीचं नाव चांगलं आहे, तेवढं ठेवू. माल आमच्या मोठ्या कारखान्यात निघेल."

"आणि खिडकी?"

"कोणती खिडकी?"

साहेबांनी गजांवरून बोट फिरवलं. या घंट्यांच्या यंत्रासाठी ताटकळत ठेवून त्यांनी बहिणीला म्हातारं केलं होतं, आणि तिनं तरीही त्यांना मालक केलं होतं. मागे यंत्र धडधडत होतं. बहीण पाठ करून उभी होती, पण तिचे कान इकडेच होते.

"नाही," साहेब म्हणाले.

"उद्या येऊ का?"

"नको. उद्याही नाही."

"कारण तरी सांगा, काका. मला वर कळवावं लागेल."

नोकरीत साहेबांनी प्रत्येक नकाराला कलम लावलं होतं, पोटकलम लावलं होतं. आत्ताही सवयीनं हात खिशातल्या पेनाकडे गेला. मग तो परत आला. "कारण नाही. माझं आहे. मी विकत नाही."

मागे यंत्राचा ठोका एकदा चुकला. बहिणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "दादा, भाजी आत्ताच वाढते हो."

टायवाल्याच्या कंपनीला अर्धवट मालकीत रस नव्हता. तिनं घेतलेले शेअर बाजारात परत विकायला काढले, भाव धाडकन खाली आला, आणि सलूनवाल्यानं आपले होते तेवढे स्वस्तात परत घेतले. शिवाय खुर्ची राहिलीच. आठवडाभर तो गिऱ्हाइकांना त्या खुर्चीत बसवून उगाच गोल फिरवत होता.

सुट्टीच्या दिवशी तो फडकं घेऊन रुबाबात आला, तर त्याच्या पॉलिशच्या यंत्रावर इस्त्रीवाली तेल घालत होती. मधल्या काळात बेवारस पडलं म्हणून तिनं ते आपलं म्हटलं होतं. वाजली दोघांची. शेवटी सलूनवाला खिडकीशी धावला.

"साहेब, तुम्ही सांगा तिला! माझं यंत्र मला परत करायला तुम्ही नुसतं हो म्हणा!"

साहेब बिजागरी पुसत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आता उद्या या म्हणणार, हे गल्लीनं धरूनच चाललं.

"मी कोण हो म्हणणारा?" साहेब म्हणाले. "दार उघडं आहे. आत जा आणि तिच्याशी भाव कर. आणि कडीला हात लावू नकोस, तिनं आत्ताच पुसलीय."