वीट, रुईचं पान आणि गुरुदत्तची टाच

कुमुदकाकूंची टाच दुखायला लागली तेव्हा पनवेलच्या त्या सोसायटीत फक्त गुरुदत्तला आनंद झाला.

बॅडमिंटनच्या मिक्स्ड डबल्सला कित्येक वर्षं जोडी ठरलेली, काकू आणि गुरुदत्त. कळंबोलीवाल्यांना रडवलंय दोघांनी! पण आता सकाळी पलंगावरून पाय टेकला की टाचेत खिळाच घुसायचा. काकू शटलपर्यंत पोचेनात. आणि ह्या माणसाने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, "ह्या वर्षी माझ्यासोबत वरच्या मजल्यावरची रेवा. काकू, तुम्ही पूजेची थाळी सजवायची स्पर्धा बघा ना!"

सगळे फिदीफिदी हसले. काकूही हसल्या. आतून नुसत्या पेटल्या होत्या. थांब, तुलाच बसवते एका जागी!

फिजिओथेरपी कॉलेजात तेव्हा हट्टी टाचदुखीवर चाचणी चालू होती. व्यायाम, टाचेला चिकटपट्टी बांधायचं टेपिंग आणि शॉकवेव्हचं मशीन, सगळं एकत्र दिलं तर फरक पडतो का. खेळणारी माणसंच हवी होती. काकू लंगडत पोचल्या.

"घरी काय केलंत?" डॉक्टर इराने विचारलं.

"तेच गं, वीट तापवायची, वर रुईचं पान, त्यावर टाच. सगळेच करतात."

इराने पेन खाली ठेवलं. "मग चाचणीत नाही घेता येणार. गुण विटेने आला की आमच्यामुळे, कसं कळणार? महिनाभर काहीच करू नका, मग या."

महिना! काकू गॅलरीत बसून गुरुदत्तचे स्मॅश बघायच्या आणि दात खायच्या. मग गेल्या. कुणाला कुठला उपाय हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं; काकूंच्या चिठ्ठीत सगळे उपाय एकत्रवाला गट निघाला. मशीन टाचेवर हातोडीसारखं टकटक करायचं. भिंतीला हात लावून पोटरी ताणताना काकू मोजायच्या नाहीत, "गुरुदत्त, गुरुदत्त" म्हणायच्या. जपच तो! हळूहळू खिळा निघाला.

आणि स्पर्धा तोंडावर आली असताना गुरुदत्त एका पायावर उड्या मारत काकूंच्या दारात. सिमेंटच्या कोर्टावर खेळून खेळून त्याचीही टाच गेली होती.

"काकू, त्या कॉलेजात जाणारे उद्या. आधी काही करू का?"

"काही करू नकोस" हे काकूंच्या अगदी ओठावर आलं. मग ती थाळी आठवली.

"वीट तापव," काकू गोड आवाजात म्हणाल्या. "वर रुईचं पान. मीपण पहिलं तेच केलं होतं."

दुसऱ्या दिवशी काकू तपासणीला गेल्या तर हा पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येतोय.

"महिन्याने या म्हणाल्या! विटेमुळे! काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"खोटं बोलले का मी?"

"अहो, पण मॅचेस!"

"त्या होतील की. सी विंगच्या वरदबरोबर नाव दिलंय मी." काकूंनी टाच दणकन आपटून दाखवली. जराही दुखलं नाही. "तू थाळी सजव हं. बसूनच करायची असते."