सुनीलदादांच्या नावावरचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नीलिमाताईंना तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय, तेही मला नीट कळत नाही.

मी काळेवाडीची. वडील चाकणला कंपनीत, आणि घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. दुसऱ्या वर्षाला असताना अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जायला लागले. तिथलं काम मला फार मोठं वाटायचं — अजूनही वाटतं. अपंगांच्या हक्कांचा जागतिक करार आपला देश कसा पाळतो, याचा अहवाल सरकार संयुक्त राष्ट्रांच्या समितीला पाठवतं. पण सरकार सगळं थोडंच लिहितं? म्हणून संस्था आपला वेगळा अहवाल पाठवतात. आमच्या भागातल्या माणसांचं म्हणणं त्यात जायचं होतं. संस्था चालवणाऱ्या नीलिमाताईंची एकच ताकीद होती — माणसाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत.

सुनीलदादांचं म्हणणं घ्यायला मी पिंपळे गुरवला गेले. वय पस्तिशीचं. जन्मापासून हातपाय आणि जीभ त्यांचं ऐकत नाहीत. डोकं मात्र तल्लख. त्यांची आई रेशन आणायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "याचं बोलणं पहिल्यांदा कुणालाच कळत न्हाई गं. लाजू नको, परत इचार. धा बारी सांगंल, कटाळायचा न्हाई."

दीड तास ते बोलले. दोनदा मी "परत सांगता?" म्हटलं. तिसऱ्यांदा — नाही म्हणवलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावर घाम होता. मी मान डोलवायला लागले. कॉलेजात इंग्रजीतल्या लेक्चरला वर्षभर मी तेच करत आले होते. पण हे कारण म्हणून सांगत नाही. मधेच त्यांनी काहीतरी विचारलं, मी "हो, हो" म्हणाले, आणि ते खदखदून हसले. मीही हसले. आई परत आल्यावर त्यांनी तिला ते सांगितलं. तिला हसू आवरेना. "अगं येडे, तो इचारत व्हता, तुझ्या नाकावर माशी बसलीय, तिला पण चा टाकू का? अन् तू हो म्हणलीस!"

तेव्हा तरी खरं सांगायचं ना? मी म्हणाले, "तेवढंच नाही कळलं, मावशी. बाकी सगळं कळलं."

घरी येऊन मी लिहिलं. बस थांबत नाही, सरकारी ऑफिसात नुसते जिने, पेन्शनसाठी हेलपाटे — सगळं खरंच, पण दुसऱ्यांकडून ऐकलेलं. शेवटी एक वाक्य घातलं, "मला दया नको, हक्क हवा." नीलिमाताईंना दिसत नाही; त्यांनी कॉम्प्युटरवर ते ऐकलं आणि माझा हात घट्ट धरला.

अहवाल पाठवण्याआधी ज्याचं म्हणणं त्याला सभेत वाचून दाखवायची पद्धत होती. सभेला सुनीलदादांना रिक्षावाल्याने उचलून खुर्चीत बसवलं आणि तो गेला. त्यांची आई कामावर, शिफ्टला होती. त्यांचं पान मीच वाचलं. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मग ते बोलले. नीलिमाताईंनी माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. "काय म्हणतायत गं?"

तुम्हाला वाटेल, याही वेळी मला कळलं नसेल. किती दिवस मी स्वतःला तेच सांगून पाहिलंय —

पण कळलं होतं. "हे माझं न्हाई." तीनच शब्द. माझ्यासाठी, एकेक सुटा करून म्हटलेले.

मी म्हणाले, "बरोबर आहे म्हणतायत."

पुन्हा टाळ्या. ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर — पण चिडले नाहीत. फक्त बघत राहिले. अजूनही कुणी माझं कौतुक करायला लागलं, की ती नजर समोर येते.

अहवाल गेला. ते वाक्य पुढे दोन-तीन भाषणांत मी ऐकलं, सुनीलदादांच्या नावानिशी. संस्थेत मी अजून आहे. नव्या मुलींना म्हणणं कसं घ्यायचं, ते मीच शिकवते.

त्या दीड तासात त्यांना काय सांगायचं होतं? मला माहीत नाही. त्यांचं घर माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मी विचारायला गेलेली नाही.