आवाज न देता पाडलेला नारळ

माझ्या कुत्रीचं डोकं ज्यांच्यामुळे फुटलं ते शेजारचे आबा जाऊन आता जमाना झाला. तरी कोणी त्यांचं कौतुक करायला लागलं की मी तिथून उठते.

आमचं घर मालवणच्या बाजूला, किनाऱ्यालगत. साठ सालच्या आगेमागची गोष्ट. वडील मुंबईला गिरणीत, घरी आई, मी आणि मांजराएवढी तांबडी कुत्री. शेजारच्या आबांचा एक माड दगडी गडग्यावरून आमच्या अंगणात वाकला होता. त्याचे जे नारळ आमच्या बाजूला पडत त्यातले थोडे आम्हाला द्यायचे, ही जुनी रीत. दुसरी रीत अशी की नारळ सोडण्याआधी माडावर चढलेल्या पाडेल्याने वरून मोठ्याने हाळी द्यायची, म्हणजे खाली कोणी असेल तर बाजूला होईल.

त्या दिवशी आबांनी पाडेल्याला गप्प राहायला सांगितलं होतं. हाळी ऐकून आई बाहेर येणार, वाटा मागणार. ती विहिरीवर गेली तेवढ्यात उरकून घ्यायचं, असा हिशेब. कुत्री माडाच्या सावलीत झोपली होती आणि मी पडवीत तांदूळ निवडत होते. धप्प आवाज झाला, पाठोपाठ तिचं बारीकसं केकाटणं, आणि मग काहीच नाही.

मी धावले. तिच्या कानामागून रक्त वाहत होतं, डोळे पांढरे झाले होते. आबा गडगा ओलांडून आले. मला वाटलं, तिला बघायला आले. त्यांनी वाकून नारळ उचलला, पंच्याला पुसला आणि म्हणाले, "माजो आसा." मी तो त्यांच्या हातातून हिसकावून पोटाशी धरला.

तेवढ्यात आई आली. "आबानू, आवाज तरी देवचो होतो," एवढंच म्हणाली.

"मुद्दाम मारलंय काय मियां?" आबा म्हणाले. मुद्दाम मारलं नाही, कबूल. पण पाडेल्याला गप्प तर मुद्दामच ठेवलंत ना?

जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर कुडाळ गाठायला हवं होतं, आणि तिला एवढा प्रवास सोसला नसता. आईने जखमेत हळद भरली, जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मी बोटाने पेजेची निवळ तिच्या तोंडाला लावत बसायचे. पहिला थेंब तिने गिळला तेव्हा मी ढसाढसा रडले. हळूहळू ती उठली, पण मान एका बाजूला कलली ती कललीच. सरळ चालायला गेली की गोल फिरायची आणि गरगरून खाली बसायची. गडग्यापलीकडून ते बघून आबा हसले. त्या हसण्याने माझं टाळकंच फिरलं.

तोच नारळ घेऊन मी एकटी देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं, गाऱ्हाणं घाला. आमच्याकडे माणसं कोर्टाला घाबरत नाहीत तेवढी देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याला घाबरतात. गुरवाने मला वरून खालपर्यंत पाहिलं, पण नारळ ठेवून घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्या मुक्या जनावराचा डोक्या जेच्यामुळे फुटला, तेका तू बघून घे." मी घसा फोडून म्हटलं, "होय म्हाराजा."

वाडीभर बातमी गेली. आबा स्वतःच्या माडाखालून जायचे बंद झाले. जायची वेळच आली तर डोक्यावर टोपली उपडी घालून पळत. मला दोन घास जास्त जायला लागले.

शेवटी तेही गुरवाकडे गेले. गुरव म्हणाला, "कुत्र्यान तुमच्या हातचा खाल्यान, मगे गाऱ्हाणा काढून घेतंय." झालं. आबा रोज संध्याकाळी भाकरी घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसू लागले. आणि मी रोज ते यायच्या आधी कुत्रीला भात, सुंगटांची म्हणजे कोळंबीची डोकी, उरलेली कढी, सगळं आकंठ चारून ठेवू लागले. ती भाकरी हुंगायची आणि गोल फिरून निघून जायची. "नको म्हणता," मी म्हणायचे.

"पुरे कर गो आता," आई दटावायची. मी ऐकलं नाही. आबा पार वाळले, रात्री झोप लागत नाही म्हणायचे. लागू नये म्हणूनच तर चाललं होतं सगळं.

एक दिवस त्यांनी हात टेकले. "नाय खाणा ती," असं पुटपुटले आणि तिच्यासाठी आणलेली भाकरी स्वतःच खायला लागले. घरून काही न खाताच आले असावेत. झालं, दुसरा खातोय म्हटल्यावर कुत्र्याची जात राहते का गप्प? माझी भरल्या पोटाची कुत्री वेडीवाकडी वळणं घेत त्यांच्यापाशी गेली आणि कलत्या मानेने त्यांच्या तोंडाकडे बघत शेपूट हलवू लागली. त्यांनी अर्धा तुकडा पुढे केला. तिने तो खाल्ला, वर त्यांचा हातही चाटला. आबा पंच्यात तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी गुरवाने गाऱ्हाणं काढून घेतलं. आई म्हणाली, "देवान सोडल्यान, तिना सोडल्यान. आता तू पण सोड."

मी नाही सोडलं. तिच्या डोक्याला मार बसला होता, ती विसरली असेल. माझं डोकं शाबूत आहे.