मंगलाष्टकवाले काका

पनवेलात तेव्हा लग्नाला जाताना लोक विचारायचे, "मंगलाष्टकवाले काका गाणार आहेत का?" हो म्हटलं, की घरूनच खाऊन निघायचे. खोटं नाही सांगत! काकांची मंगलाष्टकं एकदा सुरू झाली, की पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजायच्या. भटजी घड्याळ दाखवायचे. काका म्हणायचे, "मुहूर्त रोज येतात हो, असं कडवं रोज येत नाही."

आमच्या शेजारीच राहायचे. बँकेतली नोकरी पोटापुरती, बाकी सगळा जीव वृत्तात. भाजीबाजारातही बोटांवर लघु-गुरू मोजत उभे. "मेथी छान आहे हो, पण दोन्ही गुरू! पुढे लघू कुठून आणू?" भाजीवाली म्हणायची, "काका, लघू नाय माझ्याकडं. कोथिंबीर हाय, देऊ?" एकदा वराच्या मावशीचं नाव वृत्तात बसेना, तर या गृहस्थांनी भर मांडवात तिचं नवं बारसं केलं. मावशी न जेवता उठल्या.

त्यांची एकुलती एक लेक वैजू माझी जिवाभावाची मैत्रीण. तिचं लग्न ठरलं आणि काका पेटलेच. आंघोळीला कडवं, जेवताना कडवं. वैजूने बजावलं, "बाबा, एकच कडवं. सासरच्यांसमोर माझं हसं करू नका, नाहीतर मी सरळ रजिस्टर लग्न करते!" काका "बरं" म्हणाले आणि ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं. या एका लग्नासाठीच तर माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात गात आला होता.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. काकांनी खणखणीत सुरुवात केली,

"आले हो पनवेलला सकल हे मामा नि मामी, सखे..."

पुढच्या ओळीत लेकीचं नाव आलं आणि आवाज बसला तो बसलाच.

तेवढ्यात वैजूने ती ओळ उचलली. अगं बाई, नवरी स्वतःच मंगलाष्टक म्हणते! कडवं संपलं, तरी ही थांबेना. दुसरं झालं, तिसरं झालं. महिनाभर घरात काकांकडून ऐकून ऐकून तिची सगळी तोंडपाठ झालेली. सासूबाई बघतच राहिल्या. काका हातातला माइक तसाच धरून ढसाढसा रडत होते आणि मीही.

मुहूर्त टळत होता. भटजींनी "सावधान" म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा हो भटजी," वैजू म्हणाली, "माझ्या बाबांचं अजून संपलेलं नाही."