नाकवाल्यांचं घर

माझ्या दादाला पाणीखात्यात सगळे नाकवाले म्हणतात. उगाच नाही म्हणत. शहराच्या पाण्यात जो क्लोरीन वायू मिसळतात, त्याच्या भल्यामोठ्या टाक्या आडव्या ठेवलेली एक शेड आहे, तिथे तो कामाला. दाराबाहेर उभा राहून एकदा हुंगलं की आत काही पाझरतंय का, ते तो सांगायचा. साहेबांनी खिशातून रुमाल काढेपर्यंत ह्याचं काम झालेलं असायचं. त्या नाकाच्या जोरावर तो कायम झाला, गॅसभत्ता लागला, पंपघराला लागून दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि दवाखान्याचं कार्ड मिळालं.

ह्यात कार्ड सगळ्यात मोठं. वहिनीच्या किडन्या गेल्यात. दर आठवड्याला मशीनवर रक्त शुद्ध करून आणावं लागतं, तेव्हा कुठे ती उभी राहते. कार्डावर ते फुकट होतं. कार्ड नसेल तर दादाचा सगळा पगार त्या मशीनच्या घशात घातला तरी पुरणार नाही.

मी ह्या घरात आले ती नवऱ्याशी भांडून. तो न्यायला आला नाही, मी गेले नाही, विषय मिटला. दादाने का म्हणून विचारलं नाही की वहिनीने तोंड वाकडं केलं नाही. मी तोंडाने फटकळ आहे, पण कुणी आपल्याला सांभाळलंय ते विसरणाऱ्यातली नाही.

तर झालं असं, की मध्ये दादाला मोठा ताप आला. ताप उतरला, तो कामावर गेला, सगळं ठीक. एका संध्याकाळी मी बाहेरून आले तर घरभर करपलेला वास. दूध उतू जाऊन पातेलं काळं झालेलं, आणि दादा शेगडीला पाठ करून शांतपणे पेपर वाचतोय. मी म्हटलं, अरे बाबा, नाक काय गहाण ठेवलंस का? तो हसला नाही. वहिनी लगबगीने पुढे आली आणि सर्दी झालीय त्यांना म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. 

पुढे हळूहळू सगळं कळलं. तापात नाक गेलं ते परत आलंच नव्हतं. खात्याचा नियम असा, की तपासणीत अनफिट ठरलेल्या माणसाचं नाव कायमच्या यादीतून निघतं आणि तो ठेकेदाराकडे गेटवर बसतो. ठेकेदार पगार देतो, कार्ड देत नाही. म्हणून दोघं मूग गिळून बसले होते. शेडमधला धोक्याचा भोंगा कधीचा बंद पडलाय, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो. मास्क दाराबाहेर पेटीत असतो, पण नाकवाले रोजच मास्क घालून आत शिरायला लागले तर लोक विचारणारच. घशाला जळजळ लागली की कळतं म्हणा, पण तोवर माणूस पुरता आत गेलेला असतो.

मग ह्यांनी काय करावं? रोज सकाळी वहिनी त्याच्याबरोबर जायला लागली. तिच्याच्याने धड चालवत नाही, तरी भिंतीला हात लावत शेडपर्यंत जायची, दाराशी थांबून श्वास घ्यायची आणि मान हलवायची. मग दादा कुलूप काढायचा. पहारेकऱ्याला वाटायचं, ह्या वयात काय प्रेम आहे! जोडी निघाली फिरायला, असं तो मला डोळे मिचकावत सांगायचा. मीही हसायचे. शेडच्या मागच्या भिंतीला लागून शाळा आहे. मधल्या सुट्टीत पोरांचा दंगा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, आणि हल्ली तो ऐकला की माझा हातातला घास हातातच राहतो.

ह्या उन्हाळ्यात वहिनीचं खाणं तुटलं. सगळ्याची चव लोखंडासारखी लागते म्हणायची. आजारच तसा आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एका सकाळी ती शाल विसरून गेली, ती द्यायला मी मागोमाग गेले. ती दाराशी उभी होती. तिने श्वास घेतला, मान हलवली आणि दादाने दार उघडलं. मी दहा पावलं मागे होते आणि तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फरशी धुवायच्या पावडरचा डबा कुणी नाकाखाली धरावा, तसा वास.

मी ओरडले. दादा आत गेला होता. खोकत, भिंत धरत बाहेर आला, मास्क चढवला, परत गेला आणि व्हॉल्व्ह आवळून आला. म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. पलीकडे शाळेत प्रार्थना चालू होती. 

घरी आल्यावर वहिनीने कबूल केलं, बरेच दिवस तिला कसलाच वास येत नव्हता. मग ती दादाला म्हणाली, "जाऊन सांगून टाका. माझ्या मशीनपायी त्या शाळेतल्या पोरांचा जीव जायला नको."

"आणि तू?" दादा म्हणाला.

 उत्तर तिघांनाही माहीत होतं. दादा बराच वेळ तोंड धूत राहिला, मग उद्या सांगतो म्हणाला. त्या उद्याला सकाळी त्याने किल्ल्या उचलल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी गेले. तेव्हापासून मीच जाते. मला कुणी शहाणपण शिकवू नका. साहेबांच्या दारापर्यंत मीही एकदा जाऊन आलेय. पडदा बाजूला केला, तेवढ्यात आठवलं की आज वहिनीचा मशीनचा वार. फोन करायला आले होते असं काहीतरी पुटपुटले आणि परत फिरले. दादा अजूनही रोज रात्री म्हणतो, उद्या सांगतो.

काल मी पावसात भिजले. आज उठले तर डोकं जड, घसा बसलेला. वहिनी पलंगावर बसून पायाने चपला शोधत होती, तिला दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती. दादा मोरीत दाढी करत होता. मी शेगडीकडे पाठ करून तिची पिशवी भरत होते. वळले तर खोलीत धूर. दूध उतू जाऊन पातेलं पार काळं झालं होतं. घरात आम्ही तिघं होतो आणि एकालाही करपल्याचा वास आला नव्हता.

मी गॅस बंद केला. वहिनीने पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले, पण तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. दादाने हे काहीच पाहिलं नव्हतं. तो तोंड पुसत दाराशी आला, खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या.

"चल," तो म्हणाला.

मी चपला घातल्या.